तेवीस नंबरची देवी

लंकाबाईच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी काडेपेटीएवढं पुठ्ठ्याचं चित्र होतं. हळदीकुंकवाचे थर बसून त्यातला चेहरा कधीच बुजला होता. नवरात्रात नात हर्षालीनं देव्हाऱ्याचा फोटो मोबाईलवर टाकला आणि आठवड्याभरात पुण्याचा ऋषी नावाचा माणूस जुन्नरहून रिक्षा करून लेण्याद्रीच्या पायथ्याला त्यांच्या दारात हजर. जुन्या सिगारेटच्या पाकिटांत निघणारी चित्रं तो जमवायचा.

"आजी, ही देवी नाही, नटी आहे," तो म्हणाला. "नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी पाकिटात एकेक यायची. संच पुरा करायला लोक सिगारेटी फुंकायचे. काठावरच्या वेलीवरून ओळखलं, ही तेवीस नंबरची. माझ्या या वहीत हिचीच कोरी प्रत आहे, चेहरा स्वच्छ."

ती नटी लंकाबाईची आई होती. तमाशात नाचायची, मुंबईत दोन मुक्या सिनेमांत झळकली आणि लेक सहा वर्षांची असताना वारली. आईचं नाव काढायचं नाही, या बोलीवर मामानं लंकाबाईला बागायतदाराच्या घरात दिली. चित्र तिनं चोळीत दडवून आणलं. एकदा ते सासूच्या, ठमाबाईच्या हाती लागलं, तेव्हा भीतीनं तोंडातून गेलं, "माहेरची देवी हाये." सासू भाविक. तिनं ते देव्हाऱ्यात मांडलं आणि रोज बोट भरून हळदकुंकू लावलं. आधी आईचे डोळे गेले, मग नाक, मग ओठ. लंकाबाई मागं हात जोडून उभी.

आता तो चेहरा तिला आठवतही नव्हता.

"दाखव, बाबा," ती म्हणाली.

"तुला काय करायचंय नटी बघून?" मुलगा संपत हसला.

"माझी आई हाय ती."

संपतचं हसू मावळलं. ऋषी उघडत असलेल्या वहीवर त्यानं पंजा ठेवला. "पावणं, मिटा ते. पोरीची सोयरीक ठरतीय." देव्हाऱ्यातलं चित्र उचलून त्यानं ऋषीच्या हातात कोंबलं. "हेबी न्या. अन् परत येऊ नका."

रिक्षा गेल्यावर लंकाबाईनं नातीला हळूच विचारलं, "त्याच्याकडनं आईचं ते चित्र फोनवर मागवशील का गं?"

"आत्ता नको, आजी. सासरी कळलं तर? लग्न होऊ दे, मग बघू."

लग्नानंतर तर तोंड उघडायची सोयच राहत नाही, हे लंकाबाईला ठाऊक होतं.