गालावरचा निळा फेस

"फुंकायचं हं, ओढायचं नाही! ओढलंस तर पोटात साबण जाईल आणि ढेकर दिलीस तरी फुगे येतील," आबा म्हणाले.

गुंड्या खुदकन हसला, पण वाडग्यापासून हातभर लांबच राहिला. साडेतीन वर्षांचं पोर. बडबडीला अंत नाही, पण ओलं-चिकट काही दिसलं की अंग चोरून घ्यायचं. स्वतःच्या हाताने घास घ्यायचं नाही, मातीत खेळायचं नाही, आणि आंघोळीला साबण लावला की असं भोकाड पसरायचं, की शेजारी येऊन दार वाजवायचे. शेवटी बालवाडीच्या बाईंनीच सुचवलं होतं, "साबणाच्या पाण्यात रंग कालवा, नळीने फुगे काढा आणि वर कागद टेकवून चित्रं करा. खेळता खेळता भीड चेपेल त्याची."

सुनेने हे काम सासऱ्यांवर सोपवलं आणि आबा हरखले. जन्मभर लोकांच्या दाढ्या केलेल्या त्यांच्या हातांना साबणाचा वास कायमचाच. दुकानात परक्यांची पोरं त्यांच्या गळ्यात पडायची. घरचं पोर मात्र त्यांनी हात पुढे केला, की आईच्या पाठीमागे! आबांना ते फार लागायचं. बोलून दाखवत नसत, एवढंच.

"आबा, नळी तू धर. मी नुसता फुंकणार."

"वा रे वा! मेहनत माझी आणि मजा तुझी?" म्हणत आबांनी नळी धरली आणि ते वाडग्यावर वाकले.

पोराने गाल फुगवून अशी काही फुंकर घातली, की निळा फेस भसाभस वर आला आणि आबांच्या मिशांवर, हनुवटीवर, एका गालावर चढून बसला.

"अगंबाई!" सून धावली. "थांबा बाबा, टॉवेल देते."

"पुसायचं नाही!" गुंड्याला हसून हसून उचकी लागली होती. "आबाला दाढी आली! मला दाढीचं चित्र पाहिजे."

त्याने कागद उचलून आबांच्या गालावर दाबला. ओला कागद टरकन फाटला आणि बोटं थेट फेसात गेली.

सून जागच्या जागी थबकली. आता हा घर डोक्यावर घेणार, असं वाटून आबांनीही डोळे गच्च मिटले.

गुंड्या आपल्या बोटांकडे बघत राहिला. खालचा ओठ जरा पुढे आला. मग त्याने मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"आबा, हे गुदगुल्या करतंय!"

आणि अख्खा पंजा वाडग्यात बुडवून तो आपण होऊन आबांच्या मांडीवर चढला. दुसऱ्या गालाला फेस फासू लागला. आबांच्या डोळ्यांत साबण गेला होता, चांगलं झोंबत होतं. उभ्या आयुष्यात हजारो माणसांना 'हलू नका' म्हणून दटावलेले आबा मान ताठ धरून, अगदी न हलता बसून राहिले.