उधाणाची शिट्टी

पुतळीने शालीचं टोक मुठीत आवळलं आणि नवऱ्याच्या फोटोवरून नजर काढून खिडकीबाहेर पाहिलं. भाताच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे खाडीचा बांध दिसत होता. बांधावर कुणीही नव्हतं.

शोकसभेला रंगात आली म्हणू नये, पण समाजमंदिरातली सभा रंगात आली होती. रोह्याहून आलेले माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष काळुरामच्या एकाहत्तरच्या लढाईतल्या गोष्टी सांगत होते.

"भीती म्हणजे काय, हे या माणसाला ठाऊकच नव्हतं," ते म्हणाले आणि सरपंच कमळाकरने जोरात मान हलवली.

रविवारी सगळ्यांना सुट्टी म्हणून कमळाकरने आजचा दिवस धरला होता. तिथी बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आज भाद्रपदातली पौर्णिमा. भर दुपारी खाडीला उधाण येणार, आणि गावातली सगळी कर्ती माणसं इस्त्रीचे कपडे घालून इथे बसलेली. हे ज्याने आठवणीने सांगितलं असतं, त्याच्याच फोटोला हार घातला होता.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बांधाला खांड पडली होती. तेव्हा काळुराम सरहद्दीवर होता. खाडी घरात शिरली आणि पाणी ओसरेपर्यंत पुतळी तान्ह्या शकूला छातीशी धरून माळ्यावर बसून राहिली. शेतं पुढे कित्येक पावसाळे खारी राहिली. तेव्हापासून उधाण म्हटलं की ती माळ्याच्या शिडीपाशीच बसायची.

पेन्शनवर आल्यावर काळुरामने पोरींच्या वेण्या घालायला घेतल्या. निखाऱ्यांच्या तांब्याने पोरांच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करू लागला. अंथरुणं तर अशी ताणून घालायचा, की त्यावर झोपायची चोरी. आणि बायकोची भीती कळल्यावर पेणच्या बाजारातून एक लाल प्लॅस्टिकची शिट्टी आणून अमावास्या-पौर्णिमेला बांध फिरू लागला. खेकड्या-चिंबोऱ्यांची बिळं काठीने टोकरून बघायची आणि कुठे पाणी झिरपताना दिसलं, की शिट्टी फुंकायची. ती ऐकली की घरटी एक माणूस पेंढा, घमेलं घेऊन धावायचा. 'मिलिटरी निघाली' म्हणून गाव हसायचं. मग हळूहळू बाकी कुणी बांधाकडे बघेनासंच झालं.

तो निघाला की ती दारात उभी राहून विचारायची, "भीती नाय वाटत तुमाला?"

"घाबरायचं काय त्यात?" एवढं बोलून तो चालू लागायचा.

पुतळीने शेजारी बसलेल्या सुनेला कोपराने ढोसलं.

"सरू, बांधावर कोन गेलाय का गो?"

"आज कोन जाईल, आई? सभा हाय ना."

"उधाण हाय."

"येवढं भाषण होऊं द्या. सगळे बघतात."

पुतळीला भाषण ऐकू येईना. कानात नुसतं पाणी वाजत होतं. ती उठली. टेबलावर सुनेने पदकं, काठी आणि शिट्टी हौसेने मांडून ठेवली होती. त्यातली शिट्टी उचलून ती बाहेर पडली. अध्यक्ष क्षणभर थांबले.

"पत्नीच्या भावना आपण समजू शकतो," ते हळव्या आवाजात म्हणाले आणि घोटभर पाणी प्यायले.

ती अनवाणीच शेतातून बांधावर चढली. खाडी काठोकाठ भरली होती. एकटीने इथे यायची तिची आयुष्यातली पहिलीच वेळ. समोर बघायचा धीर होईना म्हणून ती पायाखालीच बघत चालली. पाणी सोडायच्या उघाडीजवळ बांध वळतो, तिथे शेताच्या बाजूला गढूळ बुडबुडे येत होते. अंगठ्याएवढं बीळ तिच्या देखत मोठं झालं. मातीचं ढेकूळ सुटून भातात घरंगळलं. पळावं, घर गाठावं, माळ्यावर चढावं, एवढंच तिला सुचत होतं.

तिने शिट्टी तोंडात धरली. इतक्या वर्षांत तिने त्या शिट्टीला कधी हात लावला नव्हता. ती कायम त्याच्या सदऱ्याच्या आत असायची. उरलेसुरले दात टेकले आणि ते खाचांत बसले. तिने शिट्टी काढून पाहिली. टोक वर-खाली चावून चावून चपटं झालं होतं. दातांच्या खुणा एकीवर एक, खोल, प्लॅस्टिक पांढरं पडेपर्यंत. नुसतं फुंकायला कुणी एवढं चावत नाही.

तिने त्या खुणांवरून अंगठा फिरवला. फुंकायचंच विसरली.

आणखी एक ढेकूळ सुटलं, तशी तिने त्याच खुणांत दात रोवले. पहिल्यांदा नुसती हवा गेली. मग शिट्टी वाजली.

तिकडे माइक बंद पडल्यासारखा गप्प झाला. सवयीने अख्खी सभा दारातून बाहेर पडली. कुणी पेंढा आणला, कुणी घमेली, आणि वेळेला काही मिळेना तेव्हा समाजमंदिरातली सतरंजी बिळात कोंबली गेली. कमळाकर पांढऱ्या पॅण्टीसकट मांडीभर चिखलात उतरला. अध्यक्ष चिखलाचं घमेलं धरून, हे कुठे टाकू, असं जो भेटेल त्याला विचारत होते. पुतळी तिथेच उभी होती. ती जागची हलली नाही आणि शिट्टीही तिने तोंडातून काढली नाही.

खाडी वळली, पाणी उतरू लागलं. बांध राहिला.

"आई, आना ती शिट्टी," सरू हात पुढे करून म्हणाली. "टेबलावर ठेवते, लोक बघतील."

पुतळीने शिट्टी पदराने पुसली आणि चोळीत खोल सरकवली.

कमळाकर धापा टाकत वर आला. तिच्याकडे बघून त्याने हात जोडले.

"काकी, एकटी आलीस उधाणात. भीती नाय वाटली?"

तिची हनुवटी अजून थरथरत होती. तिने पदर दातांत धरला आणि मग सोडला.

"घाबरायचं काय त्यात?" ती म्हणाली.