कमांड पोस्टातला टाळ

मित्रांनो, आळे गावचा जुना पितळी टाळ तो मीच. कड झिजलीय, दोरी कितीदा बदलली, पण माउलींच्या कृपेनं आवाज अजून गोड आहे.

जुन्नरच्या कारागिरानं मला ओतलं. बयाबाईंनी सप्ताहासाठी मला घेतलं आणि मुलगा नवनाथ फौजेत निघाला तेव्हा त्याच्या ट्रंकेत ठेवलं. "बाळा, वाजवायला हात लागत्यात, थांबायला अक्कल. बुवांचा हात वर गेला की थांबायचं."

नवनाथ कर्नल झाले. बर्फाळ सरहद्दीवरच्या कमांड पोस्टात मी खिळ्याला लटकलो. गुरुवारी जवान भजन करीत, तेव्हा माझा थाट काय विचारता! एरवी भोवती पडदे लुकलुकत, फोन खणखणत.

एका दुपारी बर्फाचा कडा कोसळला. जवान सार्थक आणि त्याचे सोबती गस्तीवर होते, ते कुठल्या घळीत अडकले कळेना. बचावपथक एकच, डाव्या घळीत पाठवायचं की उजव्या? चुकलं तर परत फिरायला उजेड उरणार नव्हता. आणि माहितीचा नुसता लोंढा! ड्रोनची चित्रं, हवामान, मुख्यालयाचे प्रश्न, चौक्यांचे निरोप.

"साहेब, डावीकडं काळं ठिपकं दिसत्यात!"

"साहेब, मुख्यालय लायनीवर हाय."

कर्नलसाहेबांनी मला काढलं, खणकन वाजवलं आणि हात वर केला. भजनाची सवयच ती, सगळे गप्प.

"सगळेच टाळ कुटत बसले तर अभंग ऐकायचा कुणी, राव? डावी का उजवी, एवढंच सांगा. बाकीचं मागनं. मुख्यालयाला म्हणावं, दम धरा."

त्या शांततेत वायरलेसवरच्या पारगावच्या राकेशनं हेडफोन कानाशी दाबला. खरखरीतून बारीक टक टक येत होती.

"साहेब, सार्थक सेटचं बटण दाबतोय. मगापास्नं येत आसंल, गलक्यात कळंना. डाव्या घळीतनं आपल्याला सेट कधी लागतच न्हाई."

"मग ते ठिपकं?"

"खडकं आसतील."

"उजवीकडं निघा."

अंधार पडायच्या आत सगळे जिवंत परतले. सार्थकची दोन बोटं तेवढी बर्फानं खाल्ली.

पुढं साहेब निवृत्त झाले, मी आळ्याच्या घरी कोनाड्यात पडलो, हिरवा पडलो. नातवंडं मोबाइलमधी गुंग. माझ्याकडं कोण बघतं? पण सप्ताह आला की सार्थक येतो, चिंच लावून मला घासतो, उरलेल्या बोटांनी वाजवतो. बुवांचा हात वर गेला की सगळ्यांत आधी तोच थांबतो.

मित्रांनो, तुमच्या कोनाड्यातल्या टाळालाही चिंच लावा. मनसोक्त वाजवा, पण मधेच थांबून कानही द्या. बर्फाखालून कुणी टक टक करत असेल.