सात नंबरच्या खांबावरची काच

आज सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी फुटले. कोणी दगड मारला नाही, कोणाचा धक्का लागला नाही. खांबाजवळ त्या वेळी चिटपाखरूही नव्हते. टक् असा आवाज झाला आणि माझे दोन तुकडे झाले.

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. दोन बोटे रुंद, वीतभर लांब. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका चौदा मजली इमारतीच्या तळघरात, सात नंबरच्या खांबाला पडलेल्या भेगेवर मला आडवे चिकटवले होते. माझे काम एकच. भेग वाढली की फुटायचे. काच ताण सोसत नाही, म्हणूनच या कामाला काच घेतात.

मी काही जन्मापासून पट्टी नव्हते. याच इमारतीच्या नवव्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरबाईंच्या दिवाणखान्यात मी अकरा वर्षे खिडकी होते. माझा रंग किंचित निळसर, उन्हाची तिरीप कमी करणारा. तिथून मला हा सगळा भाग ओळखीचा झाला. किनाऱ्याला बिलगून वळणारा रस्ता, त्याच्या कडेला पांढरीशुभ्र हॉटेले, समोर वाळू. सकाळी पळणारी माणसे, दुपारी पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या, संध्याकाळी बिनटपाच्या लाल-पिवळ्या गाड्या. दूरदूरची माणसे इथे फक्त फोटो काढायला यायची. मला वाटे, जगात याहून पक्के, याहून देखणे काही नसेल.

डॉक्टरबाई मला रोज ओल्या फडक्याने पुसत आणि पुटपुटत, "खारं वारं कोणालाच सोडत नाही बाई." मी मनात हसत असे.

गेल्या वर्षी जून महिन्यात वादळाने गच्चीवरची एक छत्री उडवली आणि ती माझ्यावर आदळली. उरलेला धड तुकडा इमारतीच्या देखभालवाल्या काकांनी उचलला. समुद्राला भरती कधी येणार हे त्यांना घड्याळाहून नेमके कळते, म्हणून सगळे त्यांना भरतीकाका म्हणतात. त्यांनी माझ्या पट्ट्या कापल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवल्या. डिसेंबरात मला एकटीला बाहेर काढून खांबावर चिकटवले आणि काळ्या मार्करने माझ्या कोपऱ्यात तारीख घातली, तीन मार्च.

मी चक्रावले. तीन मार्चला तर मी नवव्या मजल्यावर समुद्र बघत होते! म्हटले, काकांचे वय झाले, चुकले असतील.

तळघरात मला हाच भाग दुसऱ्यांदा कळला. पदपथाला लागून एक जाळी आहे, तिच्यातून फक्त पाय दिसतात. चकचकीत बूट, उंच टाचा, वाळूने माखलेली अनवाणी पावले. आणि भरतीच्या वेळी जमिनीतून खारे पाणी वर येते. काका पंप लावतात, ते पुन्हा येते. खांबांतल्या सळ्या गंजून फुगल्या आहेत आणि सिमेंटचे पापुद्रे निघत आहेत. याच खांबांवर वरचे चौदा मजले उभे आहेत, हे समजल्यावर मी कित्येक दिवस सुन्न होते.

जानेवारीत इंजिनिअरबाई तपासणीला आल्या. विजेरीच्या उजेडात त्यांनी माझी तारीख वाचली. "तीन मार्चला लावली, अजून अखंड! म्हणजे भेग वाढलेली नाही. शाब्बास!" आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी. मी फुलून गेले.

आता आजचे सांगते. सात वाजून पाच मिनिटांनी काका तळघरातल्याच आपल्या खोलीतून पंप लावायला आले. मला पाहिले आणि मॅनेजरसाहेबांना फोन लावला. साडेसातला मॅनेजरसाहेब आले, बूट भिजू नयेत म्हणून टाचा उचलत.

"काच आहे काका, फुटणारच. दुसरी लावा."

"साहेब, ही तिसरी. काल गच्चीवरच्या नव्या तलावात पाणी भरायला घेतलं आणि आज ही फुटली. ते भरणं तरी थांबवा."

"शनिवारी तलावाचं उद्घाटन आहे. पाहुणे काय कोरड्यात पोहतील? तारीख तीच घाला, तीन मार्च. आणि काका, ही खोली तुम्हाला राहायला कोणी दिलीय, ते विसरू नका."

ते गेले. काकांनी पंपामागून रंगाचा एक जुना डबा ओढला. आत दोन फुटक्या पट्ट्या होत्या. एक साधी, इंजिनिअरबाईंनी स्वतः लावलेली, आणि एक माझ्यासारखीच निळसर, माझी सख्खी बहीण. विजेरीच्या उजेडात इंजिनिअरबाईंना हा रंगाचा फरक दिसलाच नव्हता. दोघींवर तारीख तीन मार्च.

म्हणजे मला मिळालेली शाबासकी खोटी होती. मी अखंड होते, कारण फुटलेल्या दोघींना डब्यात दडवले होते. मला फुटताना जेवढा धक्का बसला नाही, तेवढा त्या डब्यात बघताना बसला.

शेजारच्या खोलीतून काकू बाहेर आल्या. "काय इमारत म्हणायची ही! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. अहो, लावताय की काय चौथी?"

"नाही लावली तर खोली जाईल गं."

"खोली गेली तर दुसरी बघू. वरच्या माणसांचं काय? आणि आपण कुठे झोपतो? याच खांबापाशी ना?"

काकांनी माझे दोन्ही तुकडे खांबावरून सोडवले, डब्यात ठेवले आणि आठ वाजून दहा मिनिटांनी सामानाच्या लिफ्टने नववा मजला गाठला.

डॉक्टरबाईंनी चष्मा लावून आम्हाला टेबलावर मांडले.

"काका, ही निळी काच माझ्या खिडकीची. ती जूनमध्ये फुटली. मग हिच्यावर मार्च कसा?"

"मीच लिहिला, बाई." काकांनी मान खाली घातली. "दोनदा."

बाई ओरडल्या नाहीत. "काकूंना आधी रस्त्यापलीकडे पाठवा," म्हणाल्या, आणि इंजिनिअरबाईंना फोन लावला.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत माझ्यासारखे कोणी असेल. लुकलुकणारा लाल दिवा असेल, ठणठणणारी घंटा असेल. दिवा लागला, घंटा वाजली, तर ते बदलून गप्प बसू नका. असे का झाले, हे विचारा. आमची शाबासकी तीच.

आता आठ वाजून बावीस मिनिटे झाली आहेत. खाली वाळूवर छत्र्या उघडत आहेत. फोनची रिंग वाजते आहे, अजून कोणी उचललेला नाही. आणि खिडकीबाहेरच्या पाइपातून गच्चीकडे पाणी चढते आहे.