स्टिअरिंग सोडून गेलेली मुलं

मित्रांनो, शिकणाऱ्यांनी आजवर माझे निदान दहा आरसे फोडले असतील, पण माझी त्याबद्दल तक्रार नाही. भद्रावतीजवळच्या एका वाहतूक कंपनीच्या चालकशाळेतला मी शिकवणीचा ट्रक आहे. दहाचाकी आणि चांगलाच जुना. उमेदीची बारा वर्षे मी कोळसा वाहिला. इंजिन थकले तेव्हा मला भंगारात काढायचे ठरले होते. पण शाळेचे उस्ताद लटारूभाऊ कंपनीच्या साहेबांना म्हणाले, "जीव आहे जी याच्यात. पोरं शिकतीन याच्यावर." मग उस्तादांच्या पायाशी एक जादा ब्रेक बसवला, दारावर 'शिकाऊ चालक' असे रंगवले आणि मी मास्तर झालो. हे उपकार मी कधी विसरणार नाही.

पहिल्या तुकडीत तीस जण आले. कुणी सावलीकडचे, कुणी अहेरीकडचे, काही तर भामरागडच्याही पलीकडचे. पहिल्या दिवशी सगळ्यांनी माझ्या चाकांना हात लावून नमस्कार केला. महिन्याभरात अठरा उरले आणि परीक्षेला बसले अकराच. साहेब म्हणत, "या जंगलातल्या पोरांत चिकाटीच नाही." मला मात्र वाटे की दोष माझाच आहे. माझा क्लच फार जड आहे. तो दाबताना मुलांचे पाय थरथरत. एकेक जण दिसेनासा झाला की मी मनात म्हणे, हाही मलाच भिऊन गेला.

दुसऱ्या तुकडीत सुकरी आली. बावीस वर्षांची, एटापल्लीच्या आतल्या एका गावची. उंचीने कमी, म्हणून ती पाठीमागे घोंगडीची घडी ठेवून बसे. चौथ्याच दिवशी तिने मला दोन ड्रमांच्या मधून उलटे नेले आणि एकाही ड्रमला धक्का लागू दिला नाही. खाणीतल्या मुरलेल्या चालकांनीसुद्धा मला इतक्या हळुवारपणे कधी मागे घेतले नव्हते.

आणि अठराव्या दिवशी ती आलीच नाही. तिच्या खोलीत राहणारी दामिनी खाली मान घालून उस्तादांना म्हणाली, "सकाळच्या बसनं गेली, भाऊ. कोनाले सांगू नको म्हणली."

त्याच आठवड्यात लांबच्या रस्त्याचा सराव होता. उस्तादांनी तो एटापल्लीच्या बाजूला नेला. मंगरू नावाचा शिकाऊ मला चालवत होता. दुपारी आम्ही सुकरीच्या गावात पोचलो. ती अंगणात मोहफुले वाळत घालत होती. मला पाहून तिचा हात थांबला.

"काऊन निघून आली, पोरी?" उस्तादांनी विचारले. "गाडीचं भेव वाटलं?"

"गाडीचं नाई, भाऊ."

"मंग?"

तिने हातातली मोहफुले खाली ठेवली. मग म्हणाली, "आमच्या खोलीच्या दाराले कडीच नाई. एकीनं झोपायचं, एकीनं दाराले पाठ लावून बसायचं. मंग दिवसा डोळे मिटतात जी. परवा स्टिअरिंगवर माहा डोळा लागला. तुमाले समजलं नाई. समोरून शाळेची पोरं येत होती. कोनी चाकाखाली आलं असतं तं?"

मला समजले होते, मित्रांनो. तिची पकड क्षणभर सुटली होती आणि मी कडेच्या मुरुमात उतरलो होतो. खडखडाटाने ती जागी झाली; उस्तादांना वाटले, वळणच चुकले. पण मी कुणाला सांगणार?

मंगरू हळूच बोलला, "आमी सोळा जन एकाच शेडात राह्यतो. पत्रा तापते, पंखा नाई. जे गेले ते यानंच गेले, भाऊ."

"मंग आधी काऊन नाई सांगितलं?"

"सांगून काय होते? म्हनतीन, चिकाटी नाई."

उस्ताद माझ्या पायरीवर बसले. "मी तीस वर्षं गाडीतच झोपलो," ते म्हणाले. "मले वाटे, तुमालेबी चालते. चुकलं माहं."

परतल्यावर त्यांनी माझी चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली. "दाराले कडी अन् डोक्यावर पंखा लागत नाई, तोवर मी शिकवत नाई. न झोपलेल्या पोराच्या हाती गाडी देनं पाप आहे." दामिनीला आणि तिच्या सोबतिणींना त्यांनी आपल्या घरी नेले. त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाईंनी पुढची खोली रिकामी करून दिली.

मी चार दिवस जागेवर उभा होतो. पाचव्या दिवशी भर दुपारी साहेब स्वतः त्या शेडात शिरले आणि पाच मिनिटांत घाम पुसत बाहेर आले. पंधरवड्यात शाळेच्या मागची बंद पडलेली इमारत उघडली. तिथे लागणारे पलंग चंद्रपूरहून मीच आणले. दामिनी चालवत होती. इतकी वर्षे कोळसा वाहिला, पण कुठल्याही ओझ्याने मला एवढा आनंद दिला नव्हता.

सुकरी परत आली, ती आईला घेऊनच. म्हातारी थेट मुलींच्या खोलीपर्यंत गेली, दाराची कडी तीनदा लावली, तीनदा काढली, दार जोरात ओढून पाहिले. मग येऊन उस्तादांना म्हणाली, "राह्यते आता हे."

त्या तुकडीतले बावीस जण परीक्षा पास झाले, सुकरी सगळ्यांत आधी. पुढच्या तुकडीतले तीसपैकी सत्तावीस टिकले. उरलेल्या तिघांना मात्र खरोखरच माझा क्लच जड गेला असावा!

आता माझे दिवस भरत आले आहेत. चढावर धाप लागते. पण मन भरलेले आहे. ज्यांनी मला भंगारातून वाचवले, ज्यांनी माझ्यावर हात बसवला आणि जी मुलगी निघून जाऊनही खरे बोलली, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, माझे तेलपाणी वेळेवर व्हायचे, कारण मी बिघडलो की लगेच दिसत असे. माणसाचे तसे दिसत नाही, तो मुकाट्याने निघून जातो. म्हणून तुमच्या गावात कुणी दुरून शिकायला आले, तर काय शिकलास, हे नंतर विचारा. आधी विचारा, "झोप झाली का?"