दोन बोजे, एक खेप

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर माझं सांगण्यात काहीतरी चुकलं असं समजा.

मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. व्याकरणवाले मला ‘ते’ म्हणतात. म्हणू देत. चार हमालांना घाम फोडणारा मी स्वतःला ‘तो’च म्हणवून घेतो. तुम्ही लपाछपी खेळायला या खोलीत आलात, तुमच्यातले दोघे माझ्या पोटात लपलात, तेव्हा आता गुपचूप बसा आणि ऐका.

माझा पत्रा एका बुडालेल्या जहाजाचा. कारखान्यात मला ठोकताना माझ्यातून खारं पाणी गळत होतं. एक मासाही पडला. तो मिस्त्रीनं घरी नेला. दुकानात उभा होतो तेव्हा माझ्या आरशात जो पाही तो देखणा दिसे. म्हणून तर मी खपलो. घरी गेल्यावर माणसं पुन्हा होती तशीच दिसू लागली, त्याला माझा काय इलाज?

मला विकत घेतलं एका रंगाऱ्यानं. तो लोकांच्या भिंती रंगवतो. त्याची बायको शर्टांच्या कारखान्यात काज-बटणं करते. घरात रंगाऱ्याची आई होती, आणि पुढे एक मुलगी झाली. तिला सगळे टिकली म्हणतात. ही काय, पुढेच बसली आहे. टिकली, तोंड का पाडलंस? ऐक की, तुझ्याच घरची गोष्ट आहे.

ते माझे ऐन उमेदीचे दिवस होते. एकदा घरात चोर शिरला. तो माझ्यात डोकावला, तसं मी दार लावून घेतलं. सकाळी उघडलं तेव्हा आतले सगळे कपडे घड्या घालून ठेवलेले होते आणि चोर म्हणत होता, “काही खायला मिळेल का?” सगळ्या चाळीत माझं नाव झालं. आजी मला रोज पदरानं पुसायची. तिला एका कानानं ऐकू यायचं नाही, आणि दुसऱ्यानं नको तेवढं यायचं. ती सुनेला म्हणायची, “घरात धड उभं राहणारं हे एकच आहे बघ.” सून म्हणायची, “हो, आणि न बोलणारंही.”

असं बरं चाललं होतं. मग घरमालक आला. दारातूनच म्हणाला, “मुलाला खोली लागतेय. महिनाअखेर रिकामी करा. रिकामी म्हणजे रिकामी. भिंतीत खिळासुद्धा दिसता कामा नये.”

“अहो, खिळे तुमच्याच वेळचे आहेत,” आजी म्हणाली.

“मग तुम्हीही माझ्याच वेळच्या आहात. म्हणून काय ठेवून घेऊ?”

मित्रांनो, गरिबानं घर बदलणं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं लोक म्हणतात. थापा आहेत. विंचवाला टेम्पोचं भाडं द्यावं लागत नाही. विंचवाकडे कोणी डिपॉझिट मागत नाही. रंगाऱ्याला ही तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली, पण नव्या मालकाला डिपॉझिट आधी हवं, आणि जुना मालक डिपॉझिट परत देणार खोली सोडल्यावर. शिवाय टेम्पो, शिवाय हमाल. घर होतं आणि घर मिळत होतं, पण मधला रस्ताच परवडत नव्हता.

तेव्हा कोणीतरी एका संस्थेचं नाव सांगितलं. भाड्यानं राहणाऱ्यांना घर हलवायला ही संस्था बिनव्याजी पैसे द्यायची. घेतले तेवढेच फेडायचे, वर एक छदाम नाही. आजीला ते पटेना. “व्याज नाही म्हणजे दुसरं काहीतरी घेत असणार,” ती म्हणाली. म्हातारी माणसं उगाच संशय घेतात, नाही का?

संस्थेच्या बाई चौकशीला घरी आल्या. नीटनेटक्या, घाईत असलेल्या. एकच खुर्ची होती, तिच्यावर त्या बसल्या. पगार विचारला, घरात माणसं किती ते विचारलं. मग म्हणाल्या, “तुमच्यावर आधीचा बोजा किती आहे?”

त्यांना म्हणायचं होतं, आधीचं कर्ज किती. शिकलेल्या माणसांच्या तोंडी बोजा म्हणजे कर्ज. पण ज्याला सामान उचलायचं असतं त्याच्या लेखी बोजा म्हणजे बोजा. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मग खाटेवर बसलेल्या सासूकडे पाहिलं आणि हसत म्हणाली, “बोजे दोन आहेत बाई. एक हे कपाट, आणि एक या सासूबाई.”

“काय म्हणालीस गं?” आजीनं विचारलं.

“तुमची तारीफ करतेय,” सून म्हणाली.

संस्थेच्या बाईंना पुढच्या घरी जायचं होतं. त्यांनी ऐकलं ते फक्त ‘दोन’. मान हलवून म्हणाल्या, “दोन असतील तर आमच्या नियमात बसत नाही. एक चालतो. दुसरा कमी करा, मग पैसे लगेच मिळतील.” आणि चपला घालून गेल्या.

रंगाऱ्याला सगळ्या छटा ठाऊक, पण स्वतःच्या तोंडाचा उडालेला रंग त्याला लपवता येईना. शेवटी तो म्हणाला, “त्यांना कर्जाबद्दल म्हणायचं असेल.”

“असेल ना,” सून म्हणाली. “जाऊन विचारा. आणि नाही म्हणाल्या तर?”

तो विचारायला गेला नाही. मित्रांनो, मी आयुष्यभर माणसांची बंद दाराआडची चिरगुटं पाहिली आहेत. कळूनही न कळण्यात फायदा असला की शहाणी माणसं फार अडाणी होतात.

मग सुरू झालं माप काढणं. ही खोली तुम्ही पाहताच आहात. एका भिंतीला मी लागलो तर खाट मावत नाही, खाट लागली तर मी मावत नाही. आधी माझ्यावर पाळी आली. भंगारवाला आला. त्यानं माझ्या पाठीवर थापा मारल्या, जशा बैलाच्या मारतात, आणि असा भाव सांगितला की मला लाजेनं गंज चढला. आजी खाटेवरून म्हणाली, “माझंही वजन करून बघ रे बाबा.”

भंगारवाला हसला. “आजी, हाडांना भाव नाही.”

सगळे हसले. आजीही हसली. नंतर ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग रंगाऱ्यानं बहिणीला फोन लावला. आई काही दिवस तुझ्याकडे राहील, म्हणाला. बहीण इतक्या मोठ्यानं बोलत होती की बहिऱ्या कानालाही ऐकू आलं. “दादा, आमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही रे!”

“मग तिला सांग,” आजी म्हणाली, “पाय इथेच ठेवून येते.”

पुन्हा सगळे हसले. मोठी विनोदी बाई होती. टिकली तेवढी हसली नाही. तिनं आजीची पांघरुणं स्वतः बांधली आणि गाठोड्यावर बसून राहिली, कोणी ते सोडवू नये म्हणून.

दोन दिवसांनी सून संस्थेत जाऊन सांगून आली: बोजा एकच आहे. पैसे लगेच मिळाले. संस्था बोलल्याप्रमाणे वागली, तिला नाव ठेवायला जागा नाही.

आता नीट ऐका, कारण इथून पुढचं कोणालाच खरं वाटत नाही. टेम्पो आला. चार हमाल आले. त्यांनी मला दोर बांधला आणि उचललं, तोच रंगारी ओरडला, “थांबा! ठेवा ते खाली!” त्याचे डोळे असे भरून आले होते की त्यात ब्रश बुडवता आला असता. तो म्हणाला, “पत्र्याचा बोजा मला नको. माझी आई आधी!” त्यानं आजीला पाठीवर घेतलं. सुनेनं पांघरुणांचं गाठोडं घेतलं. हमालांनी खाट उचलली. टेम्पो निघून गेला, आणि मी त्या रिकाम्या खोलीत एकटाच उरलो.

मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. मी अभिमानानं कडकडलो. पण घरमालकाला खोली रिकामी हवी होती, भिंतीत खिळासुद्धा नको होता. त्यानं मला धक्का मारला. मग मीच म्हटलं, चला. मी चार पायांवर डुलत रस्त्याला लागलो. सिग्नलला थांबलो. एका पोलिसानं माझ्या आरशात बघून मिशा पिळल्या आणि मला सलाम ठोकला. तीन मजले मी एकटा चढलो. दार वाजवलं. रंगाऱ्यानं उघडलं आणि मला मिठीच मारली. आजी म्हणाली, “अरे, याला आत घ्या, आपण दाटीवाटीनं राहू.” आणि ती राहिली, मित्रांनो, अगदी सुखात राहिली. म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे, जुन्या वस्तूंना आणि जुन्या माणसांना कधी ओझं समजू नका. त्यांना प्रेमानं पुसा, त्यांची बिजागरी जपा, त्यांना...

“खोटं!”

कोण बोललं? टिकली, बस खाली. गोष्ट संपत आली आहे.

“खोटं बोलतोस तू! बाबांनी तुला उचललं. दोर धरून तेच पुढे होते. आजीला पायरीवर बसवलं आणि म्हणाले, तुला दुसऱ्या खेपेत नेतो. आम्ही गेलो तेव्हा ती हात हलवत होती. टेम्पो परत गेलाच नाही.”