नवरदेवाची तयारी

आजोबांचं लग्न ठरल्याचं मला विवाह नोंदणी कार्यालयाच्या नोटीस बोर्डावरून कळलं. मी मित्राच्या लग्नाला साक्षीदार म्हणून गेलो होतो. फोटोत आजोबा छान दिसत होते. शेजारी मावशी. मावशी म्हणजे मी कामावर असताना आजोबांना सांभाळायला ठेवलेल्या बाई, वय बेचाळीस. आजोबा ब्याऐंशीचे. आपण जेवलो का, हे ते ताटावर बसून विचारतात.

घरी आलो तर मावशी मटार सोलत होत्या.

"त्यांनीच मागणी घातली," त्या म्हणाल्या.

"त्यांना तुमचं नाव तरी माहितीये का?"

"होईल सवयीनं. आमच्या पहिल्या यजमानांनाही वर्ष लागलं होतं."

मी विवाह अधिकाऱ्यांना गाठलं. "डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा," ते म्हणाले. डॉक्टरांची तारीख दीड महिन्यानंतरची, लग्न आठ दिवसांवर. "मग नवरदेव स्वतः नाही म्हणाला तरच थांबेल."

अडचण एवढीच, की आजोबा सगळ्याला हो म्हणायचे.

"आजोबा, तुम्ही कपाट आहात?"

"हो. जरा जुनं."

म्हणून शिकवणी सुरू केली. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तासभर. काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं, आणि प्रत्येक नाहीला एक पेपरमिंट. आठव्या दिवशी त्यांनी चहालाही नाही म्हटलं. मला भरून आलं.

कार्यालयात अधिकाऱ्यांनी छापील फॉर्म उघडला. फॉर्म आधी वाचायला हवा होता, हे मला तिथे सुचलं.

"आधीची पत्नी हयात आहे?"

"नाही."

"कोणाची जबरदस्ती?"

"नाही."

"काही मानसिक आजार?"

"नाही."

"या लग्नाला तुमची काही हरकत?"

"नाही!" आजोबा खणखणीत म्हणाले आणि माझ्यापुढे हात पसरला.

"साहेब, हे मी पढवलंय त्यांना!" मी ओरडलो. "आठ दिवस!"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "म्हणजे दबाव तुम्ही आणत होतात?"

त्यांनी तसं लिहून घेतलं, शिक्का मारला. एक प्रत मावशींनी मागून घेतली. सही करताना आजोबांचा हात त्यांनी मागून धरला होता, पहिलीतल्या मुलाचा धरतात तसा.

"आता आजी म्हणायचं," जिन्यात त्या मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर कुलूप बदललेलं, माझी बॅग पायपुसण्यावर. पंधरा दिवसांनी आजोबांना वृद्धाश्रमात ठेवल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं. पत्नीची सही पुरते.

तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी फाइल उघडली. त्यात शिक्क्याचा तो कागद.

"आजोबांवर दबाव आणणारे नातू तुम्हीच ना? तुम्हाला आत सोडायचं नाही, असं त्यांच्या मिसेसनी लिहून दिलंय."

"लांबून बघू?"

"लांबून बघा."

काचेपलीकडे खुर्च्यांची रांग होती, त्यातल्या एकीत आजोबा. चाळीस वर्षं लोकांचे शर्ट शिवलेल्या माणसाच्या शर्टाची बटणं भलत्याच काजांत होती. मी काच वाजवली. आजोबांनी मान वर केली, मला बराच वेळ न्याहाळलं, आणि हा कोण म्हणून शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं असावं. त्यानंही मला नीट न्याहाळलं. मग दोघांनी मिळून नाही म्हणून मान हलवली.